'सरकार कमी करा' म्हणत विधानसभेला उभं राहायचं असेल तर: वही, पत्रक, पारावरचे प्रश्न आणि अर्ज

'मर्यादित सरकार' हे शब्द पत्रकावर छापू नका. पक्षाच्या शिबिरात ते ठीक. खेड्यात सरकार म्हणजे पटवारी, सचिव, लाईनमन, रेशनचं दुकान आणि कापसाचं खरेदी केंद्र. 'सरकार कमी करू' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा रेशन बंद होतं, मग गावची शाळा. पुढचं भाषण कितीही चांगलं असलं तरी तो त्या शाळेवरच अडकून बसतो. म्हणून कोणता कागद नको, कोणता शिक्का नको, कोणत्या साहेबाची परवानगी नको, हे नाव घेऊन सांगा. बाकी विचारसरणी त्यात आपोआप येते.

विदर्भात हा विचार नवा नाही. राजाजींचा (सी. राजगोपालाचारी) स्वतंत्र पक्ष १९५९ चा. शरद जोशींची शेतकरी संघटना आणि पुढे १९९४ मध्ये निघालेला स्वतंत्र भारत पक्ष यांनी 'शेतकऱ्याच्या पायातली बेडी म्हणजे सरकार' हा विचार गावोगाव नेला. पन्नाशीपुढचे बरेच शेतकरी त्या सभांना जाऊन आलेले आहेत. ते तुम्हाला समजून घेतील, पण तपासूनही घेतील. तुमची अडचण आहे ती त्यांच्या मुला-सुनांशी बोलताना.

आधी वही, मग पत्रक

निवडणुकीच्या तीन-चार महिने आधी पंधरा दिवस फक्त यासाठी काढा. मतदारसंघातली आठ-दहा गावं निवडा: दोन रस्त्यालगतची, दोन आडवळणाची, एक-दोन जंगलालगतची आणि एक बाजाराचं गाव. सेतू केंद्राबाहेर, तहसीलच्या झाडाखाली, बाजार समितीत मापाच्या रांगेत बसा आणि एकच प्रश्न विचारा: "गेल्या वर्षात कोणत्या कागदासाठी किती चकरा झाल्या?" वहीत चार रकाने करा: कागद, चकरा, लागलेले दिवस, आणि शेवटी काम कशानं झालं. कोणी 'पैसे दिले' म्हटलं तर रक्कम लिहा, नाव लिहू नका. वही हातोहात फिरते आणि त्रास होतो तो त्या माणसाला.

वही भरली की एक गोष्ट बहुतेकांना खटकते, आणि ती लपवायचा मोह होतो. अर्ध्याअधिक तक्रारी 'सरकार फार आहे' अशा नसतात. 'सरकार जागेवर नाही' अशा असतात. मोजणीची फी भरली, मोजणीवाला आला नाही. फेरफार अडला. शेजाऱ्यानं धुरा (शेताचा बांध) कोरला म्हणून ठाण्यात गेलो, तर 'दिवाणी मामला आहे' म्हणून परत पाठवलं. या तक्रारी पत्रकातून गाळू नका. जमिनीची नोंद, मोजणी, पोलीस, न्यायालय आणि रस्ता ही सरकारची खरी कामं. ती बुडतात, कारण तीच माणसं दहा योजनांचे अर्ज तपासत बसलेली असतात. तुमची सगळी मांडणी या एका वाक्यात बसते, आणि गावातल्या माणसाला ती पटवून द्यावी लागत नाही, त्याला ती रोज दिसते.

चकरांच्या निम्म्या प्रश्नांना नवा कायदा लागतच नाही. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत आहे, मुदतीत काम झालं नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, पुढे आयोग. आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती. अर्जाची पोच घेतलेली नसेल तर यातलं काहीच चालत नाही, आणि गावात पोच कोणी मागत नाही. प्रचारातच पोच मागायला शिकवा. मत मिळो न मिळो, चार लोकांचं काम होतं.

कायदा कोणाचा, हे आधी ठरवा

छोट्या पक्षांची पत्रकं इथेच फसतात. आमदाराच्या हाती नसलेली गोष्ट आश्वासनात जाते, समोरचा वकील उमेदवार एका सभेत ती उघडी पाडतो. वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा: राज्य, केंद्र, दोघे, की गाव.

राज्याच्या ढिगात विदर्भासाठी भरपूर माल आहे. धुऱ्यावरचा साग घ्या. झाड तुमचं, जमीन तुमची, तरी तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक पास. तोडीची परवानगी मागणारा कायदा १९६४ चा, महाराष्ट्राचा, म्हणजे विधानसभेत दुरुस्त होण्याजोगा. मुलीच्या लग्नाला कामी येईल म्हणून साग राखलेला शेतकरी परवानगीच्या भानगडीला कंटाळून उभं झाड ठेकेदाराला पडेल भावात देतो. हे उदाहरण यवतमाळ, चंद्रपूरकडे जितकं पोचतं तितकं दुसरं कुठलंच नाही. तुकडेबंदीचा (शेताचे फार लहान तुकडे पाडायला अडवणारा) कायदा १९४७ चा, तोही राज्याचा; त्यात अलीकडे सवलती येत गेल्या आहेत, म्हणून छापण्याआधी त्या दिवशीची स्थिती पाहा. बाजार समितीचा कायदा १९६३ चा, राज्याचाच. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला त्याच्या बंधनातून सुटला. म्हणून संत्र्याच्या गावात जाऊन 'संत्रा बाजार समितीतून मोकळा करू' म्हणू नका; कित्येक वर्षांमागची मागणी घेऊन आलेला माणूस दिसाल.

एक खास खड्डा. पश्चिम महाराष्ट्रात छापलेल्या पक्षाच्या पुस्तिकेत 'बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, कलम ६३ रद्द करा' असं असतं. ते कलम तिकडच्या कुळकायद्याचं. विदर्भाचा कुळकायदा वेगळा, १९५८ चा, आणि त्यातलं हे कलम ८९. पुस्तिका जशीच्या तशी वाटली तर तालुक्याचा पहिला मुद्रांक विक्रेताच हसेल.

दुसरा खड्डा नवव्या परिशिष्टाचा. राज्याचा जमीन धारणा कायदा १९६१ चा आणि तो नवव्या परिशिष्टात आहे, त्यामुळे 'हे दिल्लीशिवाय होत नाही' असं आपलेच कार्यकर्ते सांगत फिरतात. चूक आहे. अनुच्छेद ३१ ख त्या कायद्यांना न्यायालयापासून संरक्षण देतो, पण ज्या विधिमंडळाचा कायदा आहे त्याला तो बदलायची किंवा रद्द करायची मोकळीक तिथेच लिहून ठेवली आहे. मुद्दा बरोबर असला तरी पत्रकाच्या पहिल्या पानावर घेऊ नका. कोरडवाहूला मर्यादा ५४ एकरांची आहे, आणि ऐकणाऱ्याकडे असतं पाच एकर वावर. त्याला वाटतं, हा मालगुजारांचा, बड्या जमीनदारांचा माणूस.

केंद्राच्या ढिगात जीवनावश्यक वस्तू कायदा (१९५५), निर्यातबंदी, आयात शुल्क आणि जनुकीय बियाण्याची मान्यता. इथे 'करू' लिहू नका, 'विधानसभेत ठराव मांडू, केंद्राकडे शिफारस मागू' लिहा. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या बियाण्याचा विषय निघणारच. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला ते जाहीरपणे पेरून सत्याग्रह झाला होता. भूमिका बेधडक मांडा, पण सभेत पाकिटं वाटू नका. अमान्य बियाण्यावरून गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि उमेदवारावर गुन्हा प्रलंबित असेल तर त्याची माहिती प्रचारकाळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर स्वखर्चानं द्यावी लागते. छोट्या उमेदवाराचं अर्धं बजेट त्यातच जातं. वेगळा विदर्भही याच ढिगात: राज्य निर्माण करणं हे अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेचं काम.

रोही (नीलगाय) आणि डुकरांचा प्रश्न दोघांचा. वन्यजीव कायदा १९७२ चा, केंद्राचा. पण उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत कलम ११ खाली परवानगी देणारा अधिकारी राज्याचा. मागणी नेमकी तिथे ठेवा: परवानगी किती दिवसांत, कोणत्या पातळीवर, आणि नाकारली तर लेखी कारण.

चौथा ढीग गावाचा, आणि तो सगळ्यात कमी वापरला जातो. सरकार कमी करायचं म्हणजे काही अधिकार खाली उतरवायचेही असतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पेसा (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांत हे उदाहरण जरूर द्या. मात्र मेंढ्याला आपल्या पक्षाचं करून टाकू नका. तिथली माणसं बाजाराच्या स्वातंत्र्यासाठी भांडली नव्हती, सहमतीनं चालणाऱ्या गावासाठी भांडली, आणि हा फरक गडचिरोलीतल्या मतदाराला तुमच्यापेक्षा जास्त कळतो.

पत्रकाची भाषा

एका पानावर पाच मुद्दे, जास्त नाही. प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी: कोणता कागद जाणार, कोणता कायदा बदलणार, त्याच्या जागी काय राहणार. तिसरी विसरली की लोकांना पोकळी दिसते. 'मालकीच्या सागाला तोड परवानगी नको. १९६४ च्या कायद्यात दुरुस्ती. जंगलातली चोरी रोखायला सात-बारावर झाडांची नोंद आणि पटवाऱ्याला कळवल्याची पोच पुरे.' असं.

क्रियापदावर लक्ष ठेवा. २८८ पैकी एक आमदार 'रद्द करतो' असं होत नाही. तो अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराचं) मांडतो, तारांकित प्रश्न विचारतो, लक्षवेधी लावतो, कपात सूचना (खर्चाची मागणी कमी करण्याचा प्रस्ताव) देतो. एक हत्यार मात्र या विचाराच्या आमदारासाठीच घडवल्यासारखं आहे. वित्तीय विधेयकाला राज्यपालांची शिफारस लागते, पण कर कमी करणारी किंवा काढून टाकणारी दुरुस्ती मांडायला ती लागत नाही. अनुच्छेद २०७ मध्ये तसं परंतुक आहे. मंजूर होणार नाही बहुधा. पण मतदानाला टाकायची मागणी करता येते, आणि कोण कर वाढवायच्या बाजूनं उभं राहिलं ते कामकाजात छापलं जातं.

पैशाचा हिशोबही द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगानं आश्वासनामागचा आधार आणि पैसा कुठून येणार हे जाहीरनाम्यात सांगायला लावलं आहे. मोठे पक्ष एका ओळीत उरकतात. तुमचे बरेच मुद्दे बिनखर्चाचे आहेत, तेव्हा प्रत्येकापुढे 'खर्च: शून्य' छापा.

पारावर येणारे प्रश्न

"सरकार कमी म्हणता, मंग डीपी जळली तं कोणाकडं जाचं?" हा पहिला. उत्तर तत्त्वज्ञानाचं नको. वीज नियामक आयोगाच्या नियमांत रोहित्र (डीपी) बदलायची मुदत आणि उशीर झाला तर भरपाई आहे, ती मागायचा अर्ज खिशात ठेवा आणि तिथेच द्या. मग सांगा, की एकाच कंपनीशिवाय पर्याय नसतो तेव्हा लाईनमनचा रुबाब असाच असतो.

हमीभाव. कापसाच्या पट्ट्यात 'हमीभाव नको' म्हणालात की सभा संपली. कापूस एकाधिकार खरेदीची आठवण काढा. १९७२ पासून कितीतरी वर्षं कापूस पणन महासंघाशिवाय कुणाला विकता येत नव्हता; शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की सीमेवर गाड्या अडवल्या जायच्या आणि चुकारा (मालाचे पैसे) महिनोनमहिने लटकायचा. सीसीआय राहू द्या, नाफेड राहू द्या (दोन्ही हमीभावानं खरेदी करणाऱ्या संस्था), पण त्यांच्यासोबत दुसरं गिऱ्हाईकही दारात येऊ द्या, आणि माल घरात आल्यावर निर्यात अडवून भाव पाडू नका. हमीभाव केंद्र जाहीर करतं हेही स्पष्ट सांगा. धानपट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे, हा प्रश्न बोनसचा होऊन येतो आणि तिथे हे उत्तर अर्धंच लागू पडतं, कारण धानाचं मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. तिथे बारदाना, भरडाई आणि चुकाऱ्याची मुदत यांवर बोला.

कर्ज. या विचारधारेत शब्द 'कर्जमुक्ती' आहे, 'कर्जमाफी' नाही. माफी गुन्हेगाराला असते. सरकारनं धोरणानं भाव पाडले म्हणून थकलेलं कर्ज ही सरकारची देणी, अशी ती मांडणी. २००८, २०१७ आणि २०१९ च्या माफ्यांनंतर लोक विचारतात, 'मंग पुन्हा काहून थकलं?' तिथून भावाकडे या.

लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये. इथे बहुतेक उमेदवार दोन तोंडांनी बोलतात: पुरुषांत 'तिजोरी रिकामी', बायकांत 'चालूच राहील'. फोनवर व्हिडिओ पाच मिनिटांत दुसऱ्या गावात जातो. पक्षाची जी खरी भूमिका असेल ती एक लिहून काढा. 'चालू मदत अचानक बंद करणार नाही. पण वस्तू वाटण्यापेक्षा खात्यात पैसा बरा, आणि दहा योजनांपेक्षा एक बरी' असं म्हणता येतं. त्यावर विश्वास नसेल तर म्हणू नका. मतं जातील तर जातील.

दारूबंदी सगळ्यात अवघड. गडचिरोली-वर्ध्यात बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली, २०२१ मध्ये उठली. 'काय प्यायचं ते सरकारनं ठरवू नये' हे तत्त्वानं सरळ आहे, पण महिला बचत गटासमोर तुम्ही दारू दुकानदाराचे वकील ठरता. मधली वाट कायद्यातच आहे: मतदानानं दुकान बंद करायची, लोक म्हणतात ती 'आडवी बाटली'. निर्णय मुंबईत नाही, वॉर्डात आणि गावात. हे दोन्हीकडे एकाच आवाजात सांगता येतं.

अर्ज

इथे विचाराला जागा नाही, फक्त रकान्यांना. वय २५ पूर्ण, राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव. दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीची प्रमाणित प्रत. अर्ज नमुना २ ब. मान्यताप्राप्त पक्षाला एक सूचक पुरतो. अपक्ष आणि अमान्यताप्राप्त नोंदणीकृत पक्षाला दहा, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे. तालुका एक पण मतदारसंघ दोन अशी गावं विदर्भात पुष्कळ आहेत, त्यामुळे यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक समोर ठेवूनच सही घ्या. अंगठा लावणारा सूचक असेल तर अंगठा अधिकाऱ्यासमोर लागतो. एक सूचक चुकला की अर्ज बाद. म्हणून दोन संच भरा, दुसऱ्यात वेगळे दहा; चार संचांपर्यंत मुभा आहे आणि अनामत एकदाच. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला ५,०००. चेक चालत नाही. वेळ ११ ते ३, आणि कार्यालयात उमेदवारासह पाचच जण.

नमुना २६ चं शपथपत्र नोटरीसमोर. एकही रकाना रिकामा नको. 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. आडवी रेघ ओढू नका. रिकामा राहिला तर अधिकारी नोटीस देतो, आणि छाननीपर्यंत भरलं नाही तर अर्ज जातो. पत्नीचे दागिने, शेताचा बाजारभाव, सोसायटीची थकबाकी, वीजबिलाची बाकी हेच रकाने राहतात. पक्षाचे ए आणि बी फॉर्म (तुम्ही त्या पक्षाचे उमेदवार आहात हे सांगणारे) शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत, शाईच्या सहीचे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली छापील प्रत चालत नाही. पक्षाचं कार्यालय पुण्या-मुंबईला असेल तर चार दिवस आधी माणूस पाठवा.

अर्ज दिल्यानंतर शपथ घ्यायची, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. ती राज्यघटनेशी निष्ठेची आणि देशाच्या सार्वभौमत्वाची. तिच्यात समाजवाद हा शब्द नाही. काही उमेदवार इथे घोळ घालतात. समाजवादावर निष्ठा सांगायची अट पक्षाच्या नोंदणीला आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ मध्ये. खुल्या बाजाराच्या पक्षालाही आपल्या घटनेत ती लिहावी लागते, आणि विरोधक ती वाचून दाखवतात. उत्तर तयार ठेवा.

चिन्हासाठी अर्जातच मुक्त चिन्हांतून तीन पसंतीक्रम. म्हाताऱ्या माणसाला दुरून ओळखू येईल आणि बोलीत एकच नाव असेल असं निवडा. चिन्ह हाती येतं अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर, म्हणजे प्रचाराला जेमतेम दोन आठवडे असताना. पत्रकांचा पहिला गठ्ठा चिन्हाची जागा कोरी ठेवून छापा, नंतर रबरी शिक्का मारा. प्रत्येक पत्रकावर मुद्रक, प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. कलम १२७ अ.

खर्च

मर्यादा ४० लाख आहे, तुमचा प्रश्न तो नाही. प्रश्न नोंदीचा. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. एका माणसाला साऱ्या प्रचारात १०,००० रुपयांवर रोख नको. चहा, फराळ, मंडप, खुर्च्या यांचा खर्च जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकानं धरला जातो. गावकऱ्यानं स्वतःहून दिलेला चहाही निरीक्षकाच्या माणसाला सभेत दिसला तर तुमच्या नावे येऊ शकतो. स्वतःची गाडी आणि मित्राचा फुकट ट्रॅक्टरही लिहा. प्रचारकाळात नोंदवही तीनदा तपासणीला न्यायची असते. एक चुकली की नोटीस.

मतदान केंद्र तीनशेच्या आसपास असतात आणि छोट्या पक्षाकडे माणसं चाळीस. सगळीकडे प्रतिनिधी बसवायचा हट्ट सोडा. जिथे वही भरली त्या गावांत बसवा, आणि संध्याकाळी नमुना १७ क (त्या केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशोब) ची प्रत घेतल्याशिवाय उठू देऊ नका. मोजणीत तुमचे आकडे कुठल्या गावातून आले हे त्याशिवाय कळत नाही.

अनामत वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. नोटा त्यात मोजत नाहीत. बहुतेकदा ती जाते. गेली तरी निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावाच लागतो. हरलेले उमेदवार इथेच कंटाळतात, आणि हिशोब दिला नाही म्हणून आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पावत्या, बँकेचं विवरण आणि नोंदवही एकाच फाईलमध्ये लावा, प्रत स्वतःकडे ठेवा, आणि दिल्याची पोच घ्या.